धाकट्याची मायक्रोआरएनए टेस्ट करू का? जरा सविस्तरच सांगतो

सर, तुमचा प्रश्न परवाच वाचला होता पण दोन ओळीत उत्तर देण्यासारखा नव्हता, आज रविवार, ओपीडी नाही, म्हणून निवांत बसलोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. सर जिंतूर तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहेत, मोठी मुलगी नऊ वर्षांची, तिला गेल्या दिवाळीत टाईप वन डायबेटीस निघाला, इन्सुलिन चालू आहे. आता एका लॅबचा माणूस त्यांना म्हणाला की धाकट्याचं, पाच वर्षांच्या पोराचं, रक्त मायक्रोआरएनए टेस्टला पाठवा, बारा हजार लागतील, त्याला पुढं शुगर होणार का नाही ते आत्ताच कळतं. वरून मेव्हण्यानं व्हॉट्सअपवर एक लेख टाकला की मायक्रोआरएनए थेरपीनं इन्सुलिन बंद होतं. तर सर विचारतात, हे मायक्रोआरएनए नेमकं काय असतंय, टेस्ट करावी का, आणि मे महिन्यात लाईट जाते तेव्हा इन्सुलिन माठात ठेवलं तर जमतं का.

आधीच सांगून टाकतो. टेस्ट करू नका. आणि कुणाच्याही लेखावरून लेकीचं इन्सुलिन एक दिवस काय एक वेळसुद्धा चुकवू नका.

पण एवढंच म्हणून थांबलो तर तुम्ही म्हणाल परभणीच्या डॉक्टरला नवीन काही माहीत नाही. तसं नाही ओ. मायक्रोआरएनएचं सायन्स एकदम खरं आहे, त्याला २०२४ चं नोबेल मिळालंय, आणि टाईप वनमध्ये ते काय करतं यावर वीस वर्षं काम चालू आहे. मला स्वतःला त्याची आवड आहे. अडचण वेगळीच आहे, आणि तुम्ही विज्ञानाचे मास्तर आहात म्हणून ती नीट उलगडून सांगतो.

आधी आजाराचं. लोक विचारतात, "लेकराला शुगर कशी काय होईल ओ डॉक्टर, आमच्या सात पिढ्यात कुणाला नाही, गोड तर हे खातच नव्हतं." गोड खाण्याचा याच्याशी काही संबंध नाही. स्वादुपिंडात पेशींची छोटी छोटी बेटं असतात, त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. आपली रोगप्रतिकारशक्ती, जी बाहेरच्या जंतूंना मारायला ठेवलेली, ती या बीटा पेशींनाच शत्रू समजते आणि एकेक करून मारते. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ना, ते हेच. आणि हे एका रात्रीत होत नाही, महिनोन् महिने, कधी कधी वर्षानुवर्षं गुपचूप चालू असतं, वरून लेकरू खेळतंय बागडतंय. मग एक दिवस पेशी इतक्या कमी उरतात की शुगर चढते, लेकरू सारखं मुतायला लागतं, घटाघटा पाणी पितं, खाऊनही सुकत जातं, आणि घरच्यांना वाटतं उन्हाळा आहे म्हणून पितंय.

म्हणजे शास्त्रज्ञांचा खरा प्रश्न काय, तर तो गुपचूप काळ. आत कत्तल चालू आहे हे बाहेरून कसं ओळखायचं आणि थांबवायचं कसं. मायक्रोआरएनए इथं येतं.

आता हे असतं काय. तुमच्याकडं शेती आहे असं लिहिलंय तुम्ही, तर रात्रीची थ्री फेज आल्यावर दारं धरायला गेलेला माणूस डोळ्यापुढं आणा. मोटर चालू आहे, पाटात पाणी धो धो येतंय. दारं धरणारा मोटरला हात लावत नाही. तो फक्त फावड्यानं ह्या सरीच्या तोंडाला माती टाकतो, त्या सरीचं तोंड मोकळं करतो, कुठं पाणी जास्त झालं की अडवतो. मोटर म्हणजे आपला जीन समजा, डीएनए. पाटातलं पाणी म्हणजे त्या जीनवरून निघालेला मेसेंजर आरएनए, त्यावरून पेशीत प्रोटीन तयार होतं, ते आपलं पीक. आणि मायक्रोआरएनए म्हणजे दारं धरणारा. तो जीन बंद करत नाही. निघालेल्या मेसेजला मधेच चिकटतो आणि प्रोटीन कमी बनू देतो.

आकार बघाल तर हसाल. फक्त बावीस अक्षरांच्या आसपास. जीनवरून आधी मोठा आरएनए निघतो, केंद्रकात ड्रोशा नावाचं एन्झाईम त्याला कापतं, बाहेर डायसर नावाचं दुसरं एन्झाईम आणखी बारीक कापतं, मग तो तुकडा आर्गोनॉट नावाच्या प्रोटीनच्या खांद्यावर बसून हिंडतो. मेसेज ओळखताना बावीसच्या बावीस अक्षरं जुळायची गरज नाही, सुरुवातीची सातेक जुळली तरी मुख्य काम होतं. त्यामुळं एकच मायक्रोआरएनए शेकडो वेगवेगळ्या मेसेजला चिकटू शकतो. एक माणूस शंभर सऱ्या सांभाळतो, आणि एका सरीवर चार माणसांची नजर. हे वाक्य लक्षात ठेवा, टेस्टचं आणि औषधाचं घोडं इथंच अडलंय.

शोध लागला १९९३ साली, एक मिलिमीटरच्या किड्यात. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्कुन, दोघांनी वेगवेगळ्या लॅबमध्ये काम करून दाखवलं की लिन-४ नावाचा जीन प्रोटीन बनवतच नाही, एवढासा आरएनए बनवतो आणि तो दुसऱ्या जीनचं काम दाबतो. लोक म्हणाले असेल किड्याचं काहीतरी, आपल्याला काय त्याचं. सात वर्षं कुणी फारसं विचारलं नाही. २००० साली लेट-७ सापडला आणि तो माणसासकट बऱ्याच प्राण्यांत तसाच्या तसा निघाला, तेव्हा सगळे जागे झाले.

डायबेटीसमध्ये त्याची एंट्री २००४ ची. स्वादुपिंडाच्या बेटांमध्ये एक मायक्रोआरएनए भरमसाठ सापडला, त्याचा नंबर ३७५, आम्ही मिर-३७५ म्हणतो. हा इन्सुलिन बाहेर सोडण्यावर लगाम ठेवतो. मग वाटेल की काढून टाका त्याला, इन्सुलिन वाढेल. उंदरांत काढून पाहिला तर उलटंच झालं, बीटा पेशींची संख्याच घटली, शुगर वाढली, आणि शुगर वाढवणारं ग्लुकॅगॉन बनवणाऱ्या अल्फा पेशी वाढल्या. दारं धरणाऱ्याला घरी पाठवलं तर पाणी वाचेल असं वाटलं होतं, झालं काय तर अर्धं रान वाळलं आणि अर्धं चिबडलं.

आता मारणारी बाजू. पांढऱ्या पेशींमध्ये पण हेच प्रकरण. मिर-१५५ हा सूज आणि चढाईचा ॲक्सिलरेटर, मिर-१४६ए हा ब्रेक, तो आतल्या धोक्याच्या सिग्नलचे दोन दुवे दाबून भडका आवरतो. टाईप वनच्या पेशंटच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासल्या तर हा ब्रेक कमी सापडल्याचे रिपोर्ट आहेत. आणि आपल्यात रेग्युलेटरी टी पेशी असतात (टी पेशी म्हणजे पांढऱ्या पेशींचीच एक जात), त्यांचं कामच मुळी बाकीच्यांना "अरे हा आपलाच माणूस आहे, सोड" असं सांगायचं. जर्मनीतल्या एका गटानं दाखवलं की मिर-१४२-३पी जास्त झाला की या समजूतदार पेशी टिकत नाहीत, आणि उंदरांत तो दाबला की त्या सुधारतात.

बरं, मार खाणारी बीटा पेशी तरी गप्प बसते का. नाही. भोवती सुजेची रसायनं वाढली की तिच्या आतले मिर-२१, मिर-३४ए, मिर-१४६ए, मिर-२९ वाढतात. मिर-२९ तर तिला जिवंत ठेवणारं एक प्रोटीन कमी करतो, म्हणजे मार बाहेरून बसतोय आणि ही आतून पण मरायची तयारी करायली.

सगळ्यात भारी मला वाटलेलं काम २०१९ चं आहे, स्वित्झर्लंडमधल्या लोझानचं. टी पेशी नुसत्या जवळ येऊन मारत नाहीत, त्या छोट्या छोट्या पुड्या सोडतात, एक्झोसोम म्हणतात त्यांना, आणि त्या पुड्यांमध्ये मायक्रोआरएनए भरलेले. मिर-१४२-३पी, मिर-१४२-५पी, मिर-१५५. बीटा पेशी भोळी, पुडी आली की घेते आत. आत गेल्यावर हे परके मायक्रोआरएनए तिच्या कारभारात लुडबुड करतात, तिच्याकडूनच असे सिग्नल सोडवून घेतात की आणखी पांढऱ्या पेशी तिकडं धावतात, आणि शेवटी ती मरते. म्हणजे शत्रूनं घरात चिठ्ठी टाकली आणि घरातल्यानंच कडी काढली. त्यांनी मग डायबेटीस होणाऱ्या उंदरांच्या, नॉड म्हणतात त्यांना, जपानमध्ये तयार झालेली जात आहे ही, बीटा पेशींत या मायक्रोआरएनएंना शोषून घेणारं एक आमिष बसवलं. ते बसवलेल्या उंदरांना डायबेटीस कमी झाला. मी हे वाचलं तेव्हा रात्री दीडला एकटाच टाळी वाजवली, बायको उठून बघायला आली काय झालं म्हणून.

पण उंदीर. उंदरांत टाईप वन थोपवणारी औषधं पोत्यानं सापडलीत आजवर, माणसात आल्यावर बहुतेक सगळी आडवी झाली.

आता तुमची टेस्ट. तर्क साधा आहे: बीटा पेशी मरताना फुटते, तिच्यातला माल रक्तात सांडतो, त्यात मिर-३७५ असणार, तो मोजला की कत्तल मोजली. उंदरांना बीटा पेशी मारणारं औषध टोचलं की रक्तात मिर-३७५ वाढतो, हे खरंय. नॉड उंदरांत शुगर चढायच्या आधीच वाढलेला दिसला, हेही खरं. मग अडलं कुठं? तर मिर-३७५ एकट्या स्वादुपिंडाची मक्तेदारी नाही. तो आतड्यात आहे, पिट्युटरी ग्रंथीत आहे, ॲड्रिनल ग्रंथीत आहे. उंदरांवर एका गटानं हिशोब मांडला तेव्हा रक्तातल्या एकूण मिर-३७५ मध्ये बीटा पेशींचा वाटा जेमतेम एक टक्का निघाला. पंढरीच्या वारीत आपल्या गावची दिंडी आवाजावरून ओळखायची म्हटल्यासारखं आहे ते. सगळे एकदम फुटले तर कळेल, पण टाईप वनमध्ये थोडे थोडे मरतात, वर्षानुवर्षं.

दुसरी अडचण आमच्या रोजच्या धंद्यातली आहे आणि ती लेखात कुणी लिहित नाही. रक्त काढणं. मी काही वर्षांपूर्वी एका छोट्या कामात हात घातला होता, टाईप वनच्या लेकरांचे सॅम्पल आपण इकडून गोळा करून द्यायचे आणि मोठ्या शहरातली लॅब मोजणार. लेकराची शीर दोऱ्यासारखी बारीक, ते रडतंय, हात झटकतंय, सिस्टर सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढते, मग तीच सुई लावलेली सिरिंज दाबून ट्यूबमध्ये रक्त सोडते. ट्यूब थर्माकोलच्या डब्यात, डबा बसच्या टपावर नाहीतर मोटरसायकलच्या डिकीत, एप्रिलचं ऊन. लॅबमधून फोटो आला. प्लाझ्मा, म्हणजे पेशी वेगळ्या काढल्यावर उरलेलं रक्तातलं पाणी, कसा पाहिजे, फिक्कट पिवळा, करडईच्या तेलासारखा. आमचा होता टरबुजाच्या पाण्यासारखा. लाल पेशी फुटलेल्या. आणि लाल पेशींमध्ये मिर-४५१, मिर-१६ ठासून भरलेले असतात, दहा-वीस फुटल्या की गोष्ट वेगळी, पण असं लाल पाणी झालं की ते सगळं रिपोर्टमध्ये उतरतं. अर्ध्याच्या आसपास सॅम्पल फेकून द्यावे लागले. मला लाज वाटली, कारण काही लेकरांना दोन दोनदा टोचलं होतं. चूक आमचीच, पण त्या दिवसापासून कुणी म्हटलं तालुक्याच्या गावातून मायक्रोआरएनएला रक्त पाठवतो की मी आधी विचारतो, ट्यूब कोणती, पेशी वेगळ्या काढायला ती मशीनमध्ये किती वेळात फिरवणार, फुटलेल्या पेशींसाठी चेक करता का. रक्त गोठू नये म्हणून ट्यूबमध्ये औषध असतं, त्यात हेपॅरिनची ट्यूब वापरली तर पीसीआर, म्हणजे मायक्रोआरएनए मोजायची पद्धतच नीट चालत नाही, ईडीटीएची लागते. तुमच्या लॅबवाल्याला हे तीन प्रश्न विचारून बघा, मग माझ्याकडं या.

एक ताजं काम मात्र सांगायलाच पाहिजे, नाहीतर अर्धवट सांगितल्यासारखं होईल. आनंदवर्धन हर्डीकर, पूर्वी पुण्यात काम करायचे, आता सिडनीला आहेत, त्यांच्या गटानं २०२५ मध्ये एक स्कोअर मांडला. एकाच मायक्रोआरएनएवर भरवसा न ठेवता ५० जणांचा गट धरला, आणि ऑस्ट्रेलिया, डेन्मार्क, हाँगकाँग आणि आपला भारत अशा ठिकाणच्या दोन हजारांवर लोकांच्या सॅम्पलवरून तो बसवला. यातली खुबी अशी की जीन्सवरून काढलेला धोका जन्मापासून तोच राहतो, पण मायक्रोआरएनए आज काय चाललंय ते सांगतात, उद्या बदलले तर स्कोअर बदलतो. एका माणसाच्या साक्षीऐवजी अख्ख्या पंचक्रोशीची साक्ष घेतल्यासारखं. हे मला पटतं, पुढं यातूनच काहीतरी निघेल. पण हा रिसर्चचा स्कोअर आहे, जिंतूरच्या लॅबवाल्याच्या बॅगेत तो नाही, आणि त्याचा रिपोर्ट हातात घेऊन पाच वर्षांच्या पोराला आज मी वेगळं काही करणार नाही. ज्या टेस्टनं उपचार बदलत नाही ती टेस्ट म्हणजे नुसती काळजी विकत घेणं.

बारा हजाराचा हिशोब करा ना. शुगरची एक पट्टी वीस रुपये धरा. सहाशे पट्ट्या येतात. लेकीची रोज चार वेळा शुगर बघितली तर पाच महिने. तुम्ही लिहिलंय की पट्ट्या महाग म्हणून सध्या दिवसातून एकदाच बघता. तिथं घाला ओ ते पैसे.

धाकट्याची काळजी मात्र खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. पाश्चात्य देशातले आकडे धरले तर भावंडाला टाईप वन होण्याची शक्यता शंभरात पाच-सहा. म्हणजे चौऱ्याण्णव-पंचाण्णव जणांना होत नाही. आणि मनाला फारच लागलं असेल, तर मायक्रोआरएनए सोडा, ॲंटीबॉडीची टेस्ट करा, म्हणजे प्रतिकारशक्तीनं बीटा पेशींविरुद्ध बनवलेली प्रोटीन रक्तात आहेत का ते बघा. गॅड, आयए-२, झिंक ट्रान्सपोर्टर ८ आणि इन्सुलिनविरुद्धची, या चार. यातल्या बहुतेकींवर तीस-चाळीस वर्षांचा अनुभव आहे. यातल्या दोन किंवा जास्त पॉझिटिव्ह आल्या तर शुगर नॉर्मल असली तरी आजाराची पहिली पायरी सुरू झाली असं धरतात, युरोप-अमेरिकेतल्या लेकरांच्या अभ्यासात अशा दहातल्या सात जणांना दहा वर्षांच्या आत डायबेटीस झाला. फक्त आपल्याकडं एक मेख आहे, आपल्या बऱ्याच टाईप वनच्या लेकरांमध्ये या ॲंटीबॉडी निघतच नाहीत, त्यामुळं निगेटिव्ह आली म्हणून पेढे वाटू नका. तुम्ही म्हणाल मग पॉझिटिव्ह आली तर करायचं काय. टेप्लिझुमॅब नावाचं औषध आहे, अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली ती दुसऱ्या पायरीवरच्या, म्हणजे ॲंटीबॉडीसोबत शुगरही जराशी बिघडायला लागलेल्या, आठ वर्षांपुढच्यांसाठी, चौदा दिवस सलाईनमधून देतात, आजार साधारण दोन वर्षं पुढं ढकलतो. तुमचा पोरगा पाच वर्षांचा, आणि किंमत ऐकली तर तुमचं नि माझं दोघांचं रान विकावं लागेल. पण फायदा वेगळा आहे, आधी माहीत असलं की लेकरू बेशुद्ध होऊन दवाखान्यात येत नाही.

आणि तोच फायदा फुकटात मिळतो. मुलीची मशीन घरात आहेच. धाकटा एकदम जास्त पाणी प्यायला लागला, रात्री उठून उठून मुतायला लागला, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं, मोरीत मुंग्या लागायल्यात, वजन उतरायलं, तर त्याच मिनिटाला नवी सुई लावून बोटाची शुगर बघा. दोनशेच्या वर आली तर सकाळची वाट बघू नका, निघा. एवढं केलं तरी बारा हजाराच्या टेस्टपेक्षा जास्त काम होतं.

हे मी पुन्हा पुन्हा का सांगतो, कारण उलटं झालेलं बघितलंय. एक सहा वर्षांचं लेकरू, पोटात दुखतंय, उलट्या, धापा टाकतंय. एका ठिकाणी अपेंडिक्स म्हणाले, एका ठिकाणी दमा म्हणून वाफ दिली, मधे एकदा नारळ पण उतरवून झालं, कुणी बोटाची शुगर बघितली नाही आणि वरून ग्लुकोजची बाटली लावली. माझ्याकडं आलं तेव्हा मशीन नुसतं "हाय" दाखवत होतं, म्हणजे शुगर मशीनला मोजता येण्याच्या पलीकडं, तोंडाला कुजक्या फळासारखा वास. तीन दिवसांनी उठून बसलं, "मला भाकरी पाहिजे" म्हणालं, नशीब. त्या तिन्ही जागी कुणी वाईट नव्हतं. फक्त वीस रुपयांची पट्टी कुणी लावली नाही.

आता मेव्हण्याचा लेख. "मायक्रोआरएनए थेरपीनं इन्सुलिन बंद." आजच्या तारखेला मायक्रोआरएनएवर आधारलेलं एकही औषध बाजारात मंजूर नाही, कुठल्याच आजारासाठी नाही. प्रयत्न झालेत. हिपॅटायटीस सीसाठी लिव्हरमधल्या मिर-१२२ ला दाबणारं औषध पेशंटवर तपासलं गेलं, चांगले रिझल्ट होते, पण त्याच काळात त्या आजाराच्या गोळ्या आल्या आणि ते मागं पडलं. कॅन्सरसाठी मिर-३४ए ची नक्कल टोचून बघितली, २०१३ ला ट्रायल सुरू केली आणि २०१६ ला बंद करावी लागली, कारण प्रतिकारशक्ती भडकून गंभीर साईड इफेक्ट झाले. आता तुम्हीच विचार करा, ज्या आजाराचं मूळच प्रतिकारशक्ती भडकणं आहे तिथं हे किती जपून करावं लागेल. आणि पोचवायचं कसं हा वेगळाच वांधा. टोचलेलं असलं औषध बहुतेक लिव्हरमध्येच जाऊन बसतं, स्वादुपिंडाच्या त्या इवल्याशा बेटांपर्यंत नेमकं न्यायचं म्हणजे पाट नसलेल्या रानात पाणी न्यायचं. त्यात पुन्हा ती मघाची गोष्ट, एक माणूस शंभर सऱ्या. टी पेशीतला मिर-१५५ दाबला तर डायबेटीसची चढाई थांबेल कदाचित, पण जंतूंवरची पण थांबेल त्याचं काय.

तो लेख मी उघडून बघितला. खाली पावडरची जाहिरात आहे. म्हणे वनस्पतीतले मायक्रोआरएनए पोटातून रक्तात जातात आणि जीन्स दुरुस्त करतात. हे हवेतून आलेलं नाही, २०१२ मध्ये चीनमधल्या एका गटानं भाताचा मायक्रोआरएनए माणसाच्या रक्तात सापडल्याचं छापलं होतं, बरीच चर्चा झाली. मग बाकीच्या लॅबनी करून बघितलं तर जमेना. तो धागा पकडून आता कारल्याची, जांभळाच्या बियांची पावडर मायक्रोआरएनएच्या नावानं विकायलेत. पावडर तीच, पाकीट नवीन.

आणि यात एक फसवी जागा आहे ती नीट वाचा, कारण तुमची लेक आत्ता नेमकी तिथंच असेल. इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांत उरलेल्या बीटा पेशींना जरा आराम मिळतो, त्या पुन्हा थोडं काम करायला लागतात, इन्सुलिनचा डोस एकदम कमी होतो. आम्ही याला हनिमून म्हणतो, नाव कुणी ठेवलं देव जाणे, आईबापापुढं बोलताना अवघडायला होतं. हे काही महिने टिकतं, क्वचित वर्षभर. आणि पावडरवाला गाठ पडतो तो याच वेळी. डोस कमी झालेला असतो, क्रेडिट पावडरला जातं, मग इन्सुलिन पूर्ण बंद, आणि पेशी संपल्या की लेकरू धापा टाकत परत. मी असं एक पोर गमावलंय. जास्त लिहित नाही. तिचा डोस कमी व्हायला लागला तर आनंद माना, माझ्याशी किंवा तुमच्या डॉक्टरशी बोलून डोस जुळवा, पण शून्यावर आणू नका.

राहिला माठ. तर हो, जमतं, आणि नीट केलं तर फ्रीज नसलेल्या घरात तेच बरं. बाहेर ४२-४३ असताना मी स्वतः थर्मामीटर टाकून बघितलंय, सावलीतल्या पाझरणाऱ्या माठात २६-२७ च्या आसपास राहतं, आपल्याकडची मे महिन्याची हवा कोरडी म्हणून हे जमतं, पावसाळ्यात दमट हवेत तेवढं थंड होत नाही. नवा, लाल मातीचा, पाझरणारा माठ घ्या, आतून गुळगुळीत पॉलिशवाला नको. कुपी थेट पाण्यात टाकायची नाही, झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत घालून डबी तरंगत ठेवा. किंवा मोठ्या कुंडीत ओली वाळू, त्यात लहान मडकं, मडक्यात कुपी, वर ओलं फडकं, वाळूला सकाळ संध्याकाळ पाणी. हे फक्त चालू कुपीसाठी. न उघडलेल्या कुप्यांना २ ते ८ डिग्री लागतं, त्या शेजाऱ्याच्या फ्रीजमध्ये नाहीतर मेडिकलवाल्याकडं ठेवा, पण बर्फाच्या कप्प्याला खेटून नको, गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकायचंच. पाण्यासारखं दिसणारं इन्सुलिन गढूळ झालं तर फेका. दुधाळ असतं ते हाताच्या तळव्यात हळू फिरवून बघा, काचेला पापुद्रे किंवा गोळ्या चिकटल्या तर तेही फेका. शाळेत जाताना मोटरसायकलच्या डिकीत कधीच नाही. कुपी उघडली त्या दिवसाची तारीख पेनानं लेबलवर टाका, २८ दिवस झाले की उरलेली असली तरी नवी काढा, अर्धी कुपी फेकताना जीव तुटतो मला माहितीये.

आणि हा माठ प्यायच्या पाण्याच्या माठापासून लांब ठेवा. आमच्या एका पेशंटकडं पाहुणे आले, अंधारात कुणीतरी तांब्या बुडवला आणि डबीसकट इन्सुलिन मामाच्या ग्लासात.